पाचव्या पानावरचं नाव

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. पोरांना नाही, भावाला नाही. शाळेत इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीत बसून माझ्या डब्यातली भाकरी खाणाऱ्यांना नाही. आणि खरं सांगू? मला स्वतःलाही ती सलग कधी सांगता आलेली नाही. मनातल्या मनात सुरू करतो आणि मधेच कुठंतरी फाटा फुटतो — त्या दिवसांत वातावरण कसं होतं, माझं वय काय होतं, काम किती अवघड होतं. म्हणजे सबबीच की! आज फाटा फुटू द्यायचा नाही असं ठरवून बसलोय. बघू, जमतंय का.

मी मुरूमच्या शाळेत विज्ञान शिकवतो. आवाज मोठा आहे, रागही मोठा आहे, पोरं टरकून असतात. खोटं बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभा करतो. हो, मीच! मधे सरकारनं सगळ्या शाळांच्या लायब्ररीत एक जाडजूड चित्रांचं पुस्तक पाठवलं, विज्ञानातल्या नव्या शोधांचं. त्यात एका पानावर परदेशातल्या एका यंत्राचा फोटो आहे. जमिनीखाली खणलेला लांबच लांब गोल बोगदा, त्यात वळत गेलेली एक नळी, आणि नळीला कवटाळून बसलेली ओळीनं चुंबकं. पोरं ते पान उघडून विचारायला येतात — गुरुजी, हे काय असतं? मी म्हणतो, खाली लिहिलंय, स्वतः वाचा. आणि खिडकीशी जाऊन उभा राहतो.

तुम्हाला मात्र सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अणूच्या पोटात काय आहे हे बघायचं तर त्याच्यावर काहीतरी जोरात आपटावं लागतं. म्हणून अणूहूनही बारीक कण घ्यायचे, त्यांचा एक झोत करायचा, आणि हवा काढून टाकलेल्या गोल नळीत तो फिरवत ठेवायचा. दर फेरीला थोडा धक्का, दर फेरीला थोडा वेग. झालं. पण अडचण अशी की झोत एकत्र राहत नाही. कण फाकतात, नळीच्या भिंतीवर आपटतात, संपतात. मग नळी मोठी करायची — इतकी की आतून माणूस रांगत जाईल. नळी मोठी म्हणून तिच्याभोवतीचं चुंबक मोठं. जितका वेग जास्त हवा तितकं लोखंड जास्त, आणि शेवटी कुठलंच लोखंड पुरं पडत नाही अशी वेळ येते.

ही अडचण मला पहिल्यांदा सांगितली हमीदसाहेबांनी. शाळेच्या मागच्या भिंतीशी, खडूनं भिंतीवरच गोल काढून.

हमीदसाहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. हैदराबादला शिकलेले, आणि सगळं उर्दूतून — गणित उर्दूतून, पदार्थविज्ञान उर्दूतून. निजामाचं राज्य होतं तोवर आमच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर तेच. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान विलीन झालं, आणि शाळेची भाषा बदलली. फळ्यावर उजवीकडून सुरू होणारी अक्षरं डावीकडून सुरू व्हायला लागली. हमीदसाहेबांना वरून सांगण्यात आलं, मराठीची परीक्षा पास व्हा, तोवर लहान वर्गांची कवायत घ्या. आणि विज्ञान? ते माझ्याकडं आलं. मी इंटर सायन्स, सोलापुरात बोर्डिंगात राहून शिकलेला, मराठी-इंग्रजी दोन्ही येणारा. खिडकीतून दिसायचं — हमीदसाहेब मैदानात शिट्टी फुंकतायत, आणि त्यांचा तास मी घेतोय.

त्यांनी माझा दुस्वास करायला हवा होता की नाही? दुसरा कुणी असता तर बोलला नसता माझ्याशी. हा माणूस पहिल्याच आठवड्यात माझ्याकडं आला आणि म्हणाला, मास्तर, तुम्ही मला मराठी शिकवा, मी तुम्हाला उद्याचा धडा शिकवतो. लई सरळ सौदा होता. शाळा सुटली की मागच्या भिंतीशी आधी माझा अर्धा तास, मग त्यांचा. मराठीतल्या ‘ळ’वर त्यांचा फार राग. ‘तुमचा हा ळ लई बदमाश आहे मास्तर, जिभेत बसतच न्हाई,’ म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे. त्या पहिल्या वर्षी मी वर्गात जे जे शिकवलं, ज्या ज्या गोष्टीवर पोरांनी माना डोलावल्या, ते सगळं आदल्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. हेही मी कुणाला सांगितलं नाही. पण ती माझी चूक नव्हे, म्हणजे आज सांगायचीय ती नव्हे.

त्यांच्या बाजेखाली हैदराबादहून आणलेल्या जुन्या मासिकांचे गठ्ठे होते. त्यातून त्यांना त्या यंत्राचं वेड लागलेलं. कवायत संपली की तेच, जेवताना तेच. रझियाभाभी म्हणायच्या, ‘ही नळी म्हंजे माझी सवतच आहे बघा भाऊजी.’ हमीदसाहेबांना एकच आशा होती. मुंबईत अशी यंत्रं बांधायचा विचार करणारे मोठे लोक आहेत असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. झोत एकत्र ठेवायची युक्ती आपल्याला सापडली आणि त्या लोकांना कळवता आली, तर ते बोलावतील. मग नळी पुसायला ठेवलं तरी चालेल, म्हणायचे, पण हातात शिट्टी घेऊन मरायचं न्हाई मला.

आता बापाचं सांगायला हवं. दरवेळी मी इथंच अडतो.

माझा बाप धनगर. बिराप्पा त्याचं नाव. सगळा जन्म मेंढरांमागं, अंगावर घोंगडी, पायात जाड वहाणा, बोलणं निम्मं मेंढरांशी. त्यानं लोकर विकून मला सोलापूरला ठेवलं. आणि मी? शाळेत रुजू झालो तेव्हा स्टाफरूममध्ये विचारलं गेलं, घरचं काय? मी म्हणालो, शेती आहे. आडनाव मी आधीच गावावरून लावून घेतलेलं. पांढरं धोतर, काळी टोपी, इंग्रजी पेपर काखेत. कुणाला शंका आली नाही. बापाला मी सांगून ठेवलं होतं की मुरूमला शाळेवर येत जाऊ नका, मीच येतो सुट्टीला. त्यानं कारण विचारलं नाही. ‘बरं,’ एवढंच म्हणाला.

हिवाळ्यात एका संध्याकाळी मी आणि हमीदसाहेब गावाबाहेर फिरायला गेलो होतो. ओढ्यावर एक अरुंद फरशी-पूल आहे, दोन्ही बाजूंना खाली पाणी. आम्ही पोचलो तर पलीकडून मेंढरं येत होती. मोठा कळप, शंभर-दीडशे तरी. बाजूनं माझा बाप, मागं-पुढं माझा चुलता. बापानं मला बघितलं. त्याचा हात वर आला, अर्धाच आला असेल, आणि मी ओढ्याच्या पाण्याकडं बघायला लागलो. मग तो हात तसाच डोक्यावर गेला आणि त्यानं पटका सारखा केला. ‘हुर्र’ करत तो आमच्या अंगावरून निघून गेला. मेंढरांचा वास मागं राहिला. हमीदसाहेबांनी विचारलं, ओळखीचे आहेत का हो?

नाही म्हणालो. एका शब्दात.

तुम्हाला वाटेल हाच तो गुन्हा. तेवढाच असता तर मी आज बसलो नसतो लिहायला. असं कितीजण करतात, आणि म्हातारपणी रडून मोकळे होतात.

हमीदसाहेबांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच म्हणा. त्यांचं लक्ष मेंढरांकडं होतं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले, जिथं कळप बसला होता त्या रानात. मग दर रविवारी जायला लागले. मी सुट्टीला घरी गेलो तेव्हा बाप म्हणाला, ‘तुझा त्यो मास्तर येतो आमच्याकडं. लई गुनी मानूस. मेंढरं हाकताना बघत बसतो आन् कागदावर काय तर खरडतो.’ मी काही बोलायच्या आत त्यानंच सांगून टाकलं, ‘तू घाबरू नगंस. म्या काय बोललो न्हाय त्याला.’ मी पाणी प्यालो आणि विषय बदलला.

आणि एका सोमवारी हमीदसाहेब शाळेत आले ते उड्या मारतच. मागच्या भिंतीशी नेलं मला, खडू काढला. म्हणाले, सापडलं! बघा — धनगर काय करतो? एकाच वेळी चारी बाजूंनी मेंढरं दाबत न्हाई तो. आधी एकजण बाजूंनी दाबतो. बाजू आत येतात, पण कळप लांबट होतो, पुढं-मागं पसरतो. पसरू दे! मग दुसरा पुढून-मागून आवळतो. आता लांबी कमी, पण बाजू जरा सुटतात. सुटू दे! पुन्हा पहिला. असं आळीपाळीनं. आणि कळप अरुंद फरशीवरून एकही मेंढरू पाण्यात न पडता पार. चुंबकं तशीच लावायची. एक आडवं आवळणारं, उभं सैल सोडणारं. पुढचं त्याच्या उलट. मग नळी एवढीशी पुरेल! त्यांनी हाताची मूठ करून दाखवली.

मला ते कळलं नाही. का कळलं नाही? मी म्हणालो, पण हमीदसाहेब, एकानं जेवढं आवळलं तेवढंच दुसरं सैल सोडणार. एका हातानं बांधायचं, दुसऱ्या हातानं सोडायचं, हाती काय उरलं? बेरीज शून्य. ते समजावत राहिले, त्यांनी भिंत भरून आकडे मांडले, आणि मी मान हलवत राहिलो. पण मला कळलं नव्हतं. माझ्या बापाची मेंढरं मी लहानपणी हाकली होती. ते कसं होतं ते हैदराबादच्या माणसाला दिसलं आणि मला दिसलं नाही — हे मला सोसलं नाही.

त्यांनी दोन महिने खपून अकरा पानं लिहिली. उर्दूत, सुरेख अक्षरात, आकृत्यांसकट. इंग्रजी ते वाचायचे, पण लिहायला हात धजत नव्हता. मला म्हणाले, मास्तर, तुम्ही याचं इंग्रजी करा आणि मुंबईला पाठवा. माझ्या आयुष्याची चिठ्ठी आहे ही, तुमच्या हातात देतोय. मी म्हणालो, अहो, त्यात काय, आठ दिवसांत पाठवतो. उर्दू मला येत होती, तिसरीपासून सक्तीनं शिकलेली. त्या दिवसांत मुंबईचं पाकीट, वर मुसलमान नाव, आत अणूच्या गोष्टी — पोस्टात कुणी फोडून बघेल म्हणून उत्तर माझ्या सोलापूरच्या बोर्डिंगच्या पत्त्यावर मागवायचं असं ठरलं. ते मीच सुचवलं. तेव्हा माझ्या मनात काही काळं नव्हतं — नव्हतं ना? आता मला तेही नक्की सांगता येत नाही.

चार पानं मी केली. खरंच केली. शब्दकोश घेऊन, घाम गाळून. मग पाचवं पान उलटलं. त्यावर हमीदसाहेबांनी लिहिलं होतं की ही युक्ती माझी नाही. मुरूमजवळच्या रानात मेंढरं राखणाऱ्या बिराप्पा धनगराला चालताना बघून मला ती सुचली, आणि या कागदाचं श्रेय काही असेल तर त्यातलं निम्मं त्याचं आहे. खाली आमच्या गावाचं नाव.

गावाचं नाव. जे नाव मी आडनाव म्हणून लावत होतो.

माझा हात थांबला. डोळ्यांपुढं आलं — मुंबईहून मोठी माणसं येतायत, पेपरात छापून येतंय, स्टाफरूममध्ये कुणीतरी मोठ्यानं वाचतंय, आणि सगळे माझ्याकडं बघतायत. बिराप्पा तुमचे कोण हो, मास्तर? तो घोंगडीवाला? एवढंच. अहो, एवढंच कारण होतं! पुढं मी स्वतःला हजार कारणं सांगितली. दिवस वाईट आहेत, त्यांच्यावरच बालंट यायचं. गणित चुकीचं असेल तर त्यांचंच हसं व्हायचं. सगळं खोटं. ती ओळ वगळून बाकीचं पाठवता आलं नसतं का? आलं असतं. पण तसं केलं आणि त्यांनी विचारलं तर? आणि खरं म्हणजे तो कागद खरा ठरावा, असं मला वाटतच नव्हतं. मी ती अकरा पानं घेतली, ट्रंकेच्या तळाशी बापानं दिलेली घोंगडी लपवून ठेवली होती, तिच्यात गुंडाळली, आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी हमीदसाहेबांना सांगितलं, पाठवलं.

मग त्यांचं वाट बघणं सुरू झालं. रोज संध्याकाळी काही न विचारता नुसतं बघायचे माझ्याकडं. सोलापूरहून कुणी आलंय का? पहिल्या महिन्यात मी म्हणायचो, मोठी माणसं आहेत, वेळ लागणारच. दुसऱ्या महिन्यात म्हणायचो, येईल. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मराठीचा अभ्यास सोडला. म्हणाले, मुंबईला बोलावलं तर हा ळ कशाला पाहिजे? परीक्षेची तारीख जवळ आलेली, ती बुडली तर नोकरी गेली. आणि ते हसत वाट बघतायत. मी काय करायला हवं होतं? ट्रंक उघडायला हवी होती. माझा हात कुलपापर्यंत जायचा, खरंच जायचा, आणि परत यायचा. स्वतःचाच हात ऐकत नाही, असं कधी झालंय तुमचं?

मग मी जे केलं ते सांगतो. एका दमात सांगतो, नाहीतर परत राहील.

मी सोलापूरला गेलो. कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाकडून इंग्रजीत एक पत्र टाइप करून घेतलं. आपला लेख काळजीपूर्वक वाचला, आपला उत्साह कौतुकास्पद आहे, परंतु एका चुंबकानं साधलेलं दुसऱ्यानं तितकंच बिघडेल आणि परिणाम शून्य होईल, सबब कल्पना निरुपयोगी आहे. खाली डाव्या हातानं एक वाकडी सही मीच ठोकली. पाकीट कुठंय विचारलं तर ते बोर्डिंगवाल्यानं फोडून फेकून दिलं असं सांगायचं ठरवलं. परतीच्या बसमध्ये तुळजापूरच्या देवीला निघालेली माणसं होती, हळद-कुंकू कपाळाला लावलेली, ‘आई राजा उदो उदो’ म्हणणारी. मी खिशावर हात दाबून बसलो होतो.

हमीदसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. हळूहळू, बोट फिरवत. मग घडी घातली. मला वाटलं होतं ते चिडतील, भांडतील. ते म्हणाले, ‘वाचलं तर त्यांनी. इतक्या मोठ्या लोकांनी काळजीपूर्वक वाचलं.’ मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाले, ‘तुमचीच शंका त्यांना बी आली, मास्तर.’ ते एवढंच बोलले आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी रझियाभाभीनं सांगितलं, सगळ्या वह्या त्यांनी स्वतःच्या हातानं बंबात घातल्या. त्या दिवशी सगळ्यांच्या अंघोळीला कढत पाणी होतं, म्हणाल्या.

मराठीची परीक्षा ते पास झाले. मीच शिकवलं ना! पण विज्ञान त्यांना परत मिळालं नाही, ते माझ्याकडंच राहिलं. पुढं त्यांची बदली भूमला झाली, तिकडं कोरड्या मुलखात, बाजाराच्या गावी. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, येत जा मास्तर, एस.टी.नं काय लांब आहे? मी म्हणालो, येणारच की!

गेलो नाही. एकदाही नाही.

साधारण त्याच सुमाराला सोलापूरच्या एका वाचनालयात मी एक परदेशी मासिक उघडलं. आणि त्यात ते होतं. सगळंच्या सगळं. आडवं आवळणारं, उभं सैल सोडणारं, पुढचं उलट, असं आळीपाळीनं. तिकडच्या शास्त्रज्ञांना सापडलं होतं, नवी यंत्रं आता त्याच तऱ्हेनं बांधणार होते, शंभरपट लोखंड लागायचं तिथं आता नळी मुठीएवढी. शून्य येत नव्हतं. मी तिथं बसून पहिल्यांदा नीट वाचलं की शून्य का येत नाही. मला तेव्हाही भूमची एस.टी. धरता आली असती. मी मासिक मिटलं, इतर मासिकांच्या खाली सरकवलं, आणि मुरूमला येऊन दुसऱ्या दिवशी प्रकाशाचा धडा घेतला.

बाप वारला. शेवटच्या दिवसांत त्यानं एकदा विचारलं, त्यो मास्तर कसा हाय? बरा आहे म्हणालो. आणि त्यानंतर दोन वर्षांनी भूमहून कार्ड आलं, हमीदसाहेब गेले. तेव्हा मात्र मी एस.टी.त बसलो.

रझियाभाभींचे केस पांढरे झाले होते. मला बघून त्या रडल्या नाहीत, उलट चहा केला. मग आतून एक पाकीट आणून माझ्यापुढं ठेवलं. ‘तुमच्यासाठी ठेवलंय त्यांनी. मास्तर येतील तेव्हा देतो म्हणायचे. तुम्ही काय आलाच न्हाई भाऊजी.’ आत तेच पत्र होतं. सोलापूरच्या टायपिस्टाचं, माझ्या डाव्या हाताच्या सहीचं. इतकी वर्षं घड्या सांभाळून ठेवलेलं. मी उलटं केलं. पाठीमागं लिहिलं होतं — मराठीत. मुंबईच्या साहेबांना कुणी मराठीत उत्तर लिहील का? मराठीत ते जगात एकाच माणसाला लिहू शकत होते, ज्यानं त्यांना ती शिकवली त्याला. म्हणजे ते पत्र कुणाचं, हे त्यांनी ओळखलं होतं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, जपून काढलेलं. मला ते पाठ आहे.

‘मास्तर, जे मेंढरू लांब गेलं त्याला धनगर जोरात ओरडतो. जे मधे आहे त्याला कमी. आवळताना कण लांब असतो, म्हणून ओढ मोठी. सैल सोडताना जवळ असतो, म्हणून धक्का लहान. म्हणून बेरीज शून्य होत नाही. त्या दिवशी भिंतीजवळ तुम्हाला कळलं नाही, ती चूक माझी, मी नीट शिकवलं नाही. सरकारच्या पुस्तकात फोटो पाहिला. नळी किती लहान आहे! मी खूप हसलो. रझियाला पण दाखवला. तुमच्या बाबांना सांगा, मेंढरं बरोबर होती.’

तुमच्या बाबांना.

कधीपासून ठाऊक होतं त्यांना? त्या फरशीवरच, अर्धा वर आलेला हात त्यांनीही बघितला होता का? की बापाचं आणि माझं नाक सारखं आहे म्हणून? बाप तर म्हणाला होता, म्या काय बोललो न्हाय. आता कुणाला विचारू? दोघंही नाहीत. रझियाभाभी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना मराठी वाचता येत नाही. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खुशाली आहे.

हे परवाचं. ते पत्र आता माझ्याकडं आहे. मुरूमला आल्यावर मी ट्रंक उघडली, घोंगडी काढली, अकरा पानं काढली. कडा पिवळ्या पडल्यात, पण शाई जशीच्या तशी आहे. पाचवं पान काढलं आणि ते नाव वाचलं. मोठ्यानं, गावासकट. आमच्या घरात ते नाव असं मोठ्यानं कधी कुणी घेतलेलं नाही.

वाचायच्या आधी मी दार लावून घेतलं होतं.